परग्रहावरचा तो प्राणी आला कुठून? एलियन कॉमिक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बरीच वर्षं येतायत, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी ट्रेनमध्ये माझ्या हातातलं पुस्तक बघून शेजारच्या सीटवरून. सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढलीयेत. गोष्टी फोडल्याशिवाय ओरिजिनबद्दल बोलता येत नाही, त्यामुळे ज्यांना कोरं राहून वाचायचंय त्यांनी १ ते ४ वाचून थांबा आणि पुस्तकं संपवून परत या.

१. ताई, हे नक्की कुठले कॉमिक्स? सुपरहिरोवाले का?

नाही, ह्यात कोणी वाचवायला उडत येत नाही. १९७९ ला रिडली स्कॉटचा एलियन आला, त्यात एक मालवाहू यान आहे, त्यावर बोनस कमी मिळतो म्हणून कुरकुरणारी साधी नोकरदार माणसं आहेत आणि त्यांच्यात एक प्राणी शिरतो. त्या प्राण्यावरचे आणि त्याच्या विश्वातले हे कॉमिक्स. सिनेमाचं कॉमिक त्याच वर्षी आलं होतं, आर्ची गुडविनने लिहिलेलं आणि वॉल्टर सायमन्सनने काढलेलं, आणि ते आजही बघण्यासारखं आहे. पण सिनेमात नसलेल्या, स्वतंत्र गोष्टी सुरू झाल्या १९८८ ला, डार्क हॉर्स ह्या अमेरिकन प्रकाशकाकडून. मग तीसेक वर्षं तेच काढत होते. हे सिनेमे काढणारा फॉक्स स्टुडिओ डिस्नीकडे गेल्यावर हक्क डिस्नीच्याच मार्व्हलकडे आले आणि २०२१ पासून नवीन अंक मार्व्हलचे.

२. सिनेमे बघितले नसतील तर डायरेक्ट वाचून कळेल का?

पहिले दोन, म्हणजे १९७९ चा आणि जेम्स कॅमेरॉनचा १९८६ चा, एवढे बघाच. कॉमिक्सवाले धरूनच चालतात की अंडं, चेहऱ्याला चिकटणारा जीव, छाती फोडून येणारं पिल्लू आणि अंडी घालणारी राणी हे सगळं तुम्हाला माहितीये. ओरिजिनवाल्या गोष्टींसाठी २०१२ चा प्रोमिथियस पण लागेल.

३. यादी बघून डोकं गरगरतं. ओरिजिनसाठी सुरुवात कुठून करू?

सगळं वाचायची अजिबात गरज नाही. १९८८ ची पहिली सहा अंकांची मालिका घ्या, मार्क व्हर्हायडनची गोष्ट आणि मार्क नेल्सनची काळी-पांढरी चित्रं. ह्यात लोक त्या प्राण्यांचा मूळ ग्रह शोधत जातात, आणि इकडे पृथ्वीवर काही लोकांना राणीची स्वप्नं पडायला लागतात आणि त्याचा चक्क पंथ तयार होतो. नेल्सनने पेनाच्या बारीक बारीक रेघांनी असं काही काढलंय की भिंत कुठली आणि प्राणी कुठला हे पान जवळ धरून बघावं लागतं. मग १९९९ ची मार्क शुल्ट्झ आणि डग व्हीटली यांची डिस्ट्रॉयिंग एंजल्स वाचा, ती फक्त चार अंकांची आहे. आणि मग २०१४-१५ ची फायर अँड स्टोन, जिच्याबद्दल ७ मध्ये सविस्तर आहे.

ओरिजिन वगैरे नकोय, नुसतं घाबरायचंय असं असेल तर जेम्स स्टोकोची २०१७ ची डेड ऑर्बिट. लिहिली त्यानेच आणि काढली पण त्यानेच. त्यातलं स्टेशन इतकं गंजलेलं, वायरींनी भरलेलं आहे की वाचताना अंग चिकट झाल्यासारखं वाटतं.

४. झेनोमॉर्फ हे त्याचं खरं नाव आहे का?

त्याला नाव नाहीये. १९८६ च्या सिनेमात एक लेफ्टनंट मिशनची माहिती देताना हा शब्द वापरतो आणि त्याचा अर्थ नुसता परका आकार किंवा परकं रूप, कुठल्याही अनोळखी जीवाला लागू पडेल असा. लोकांना तेच नाव वाटलं आणि ते चिकटलं. मी पण तेच वापरते. पण त्याला नाव नव्हतं हे लक्षात ठेवा, पुढे ओरिजिनच्या वेळी उपयोगी पडतं.

५. एका ओळीत सांगा ना, तो आला कुठून?

एका ओळीत असं: अर्धा कुठून आला ह्यावर कॉमिक्स आणि सिनेमे यांचं एकमत नाही, आणि उरलेला अर्धा ज्याच्या अंगात तो वाढला त्याच्याकडून आला.

पहिल्या भागाची मुख्य तीन उत्तरं आहेत. जुने डार्क हॉर्स कॉमिक्स म्हणतात की हा कुठल्यातरी ग्रहावरचा नैसर्गिक प्राणी आहे, तिथे तो सगळ्यांवर भारी पडलाय एवढंच. प्रोमिथियस आणि त्यानंतरचे कॉमिक्स म्हणतात की इंजिनियर नावाच्या जुन्या जातीकडे एक काळं द्रव्य होतं, त्यातून असले जीव निपजतात (बघा ७). २०१७ चा कोव्हेनंट सिनेमा म्हणतो की डेव्हिड नावाच्या यंत्रमानवाने प्रयोग करून करून तो घडवला (बघा ८).

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग, जो तिन्हीकडे सारखा आहे. हा प्राणी स्वतःच्या बळावर पूर्ण होतच नाही. १९९२ च्या तिसऱ्या सिनेमात तो कुत्र्यातून जन्मतो म्हणून चार पायांवर धावतो, त्याच सिनेमाच्या नंतर आलेल्या लांब आवृत्तीत बैलातून जन्मतो. माणसातून जन्मला की दोन पायांवर उभा राहतो. म्हणजे आपण ज्याला परका म्हणून किंचाळतोय त्याची उंची, खांदे, उभं राहायची ढब आपलीच असते. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात अशा शरीराला यजमान म्हणतात. ज्या कॉमिक्सना ही गोष्ट कळलीये ती ओरिजिन सांगूनही भीतीदायक राहिली, आणि ज्यांनी नुसता कारखान्याचा पत्ता दिला ती विसरली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. त्या पडक्या जहाजातला मेलेला पायलट नक्की कसा होता? हत्तीसारखा की माणसासारखा?

दोन्ही, तुम्ही कुठलं पुस्तक उघडलंय त्यावर आहे. १९७९ च्या सिनेमात माणसांना एक पडकं परग्रही जहाज सापडतं, त्यात खुर्चीत बसलेला एक प्रचंड सांगाडा दिसतो, तोंडापासून खाली सोंडेसारखं काहीतरी, आणि छातीची हाडं आतून बाहेर वळलेली. कॉमिक्सवाल्यांनी १९८८ ला ते जसं दिसतं तसं घेतलं आणि सोंडवाली, मनातलं थेट मनात पोचवणारी एक जात उभी केली. त्या जातीचा एक जिवंत पायलट कॉमिकमध्ये माणसांना वाचवतो, पण त्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे ते न्यूटला (दुसऱ्या सिनेमातली छोटी मुलगी, इथे मोठी झालेली) कळतं आणि तिथे पोटात गोळा येतो, कारण त्यात माया अजिबात नाही. डिस्ट्रॉयिंग एंजल्स ह्याच पायलट जातीचा आणि ह्या प्राण्यांचा जुना संबंध खणते.

२०१२ ला प्रोमिथियसने सांगितलं की ती सोंड म्हणजे सूट होता, आत गोरापान, उंच, माणसासारखाच दिसणारा इंजिनियर. बऱ्याच जुन्या वाचकांना हे लागलं. मला पण हत्तीवालाच जास्त आवडतो, कारण तो आपल्यासारखा नाही, आणि विश्वात आपल्याशी काही देणंघेणं नसलेलं कोणीतरी असणं हे जास्त एकटं पाडणारं आहे.

७. ते काळं द्रव्य काय आहे? फायर अँड स्टोन वाचली पण नीट कळलं नाही.

ती एक गोष्ट चार मालिकांत वाटलेली आहे, प्रत्येकी चार अंक, आणि शेवटी ओमेगा नावाचा एक अंक, एकूण १७. पॉल टोबिन, ख्रिस रॉबर्सन, ख्रिस्तोफर सेबेला, जोशुआ विल्यमसन आणि शेवटच्या अंकाला केली स्यू डीकॉनिक अशी लेखकांची फौज आहे, त्यामुळे मधूनच वाचायला घेतली तर काही हाती लागत नाही. प्रोमिथियसवाला भाग आधी घ्या.

सिनेमात एलव्ही-२२३ हा उजाड, धुळीचा चंद्र आहे. कॉमिकमध्ये शंभरेक वर्षांनी माणसं परत जातात तर तिथे घनदाट जंगल! हुआन फरेराने रंगवलेलं ते जंगल बघाच, हिरवं आहे पण त्या हिरव्यात काहीतरी नासलेलं आहे. काळं द्रव्य जमिनीत मुरलं आणि सगळं भराभर वाढत, बदलत गेलं. म्हणजे ते द्रव्य विष पण नाही आणि बी पण नाही, ते ज्याला लागेल त्याच्यातलं जे काही आहे ते सुसाट सोडतं.

आणि ह्या मालिकेतली सगळ्यात चांगली गोष्ट एका आजारी माणसाची आहे. फ्रान्सिस नावाचा शास्त्रज्ञ कॅन्सरने मरायला टेकलाय, त्याला वाटतं ह्या द्रव्यात आपलं औषध असेल, पण आधी स्वतःवर करून बघायची हिंमत नाही म्हणून तो एल्डन नावाच्या यंत्रमानवाला ते टोचतो. एल्डनला कोणी विचारलेलंच नाही. मग जे होतं त्यातून राक्षस तयार होतो हे खरं, पण त्याची सुरुवात एका घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या सुईत आहे. दूरच्या देवांनी काय ठरवलं होतं ह्यापेक्षा ही दोन-चार पानं मला जास्त काही सांगून गेली. राक्षस कुठून येतात ह्याचं उत्तर त्या खोलीत आहे.

८. डेव्हिडनेच बनवला ना? सिनेमात दाखवलंय, मग वाद कसला?

तारखा बघा. कोव्हेनंटची गोष्ट २१०४ मध्ये घडते, पहिल्या सिनेमाची २१२२ मध्ये. मध्ये फक्त १८ वर्षं. पण पहिल्या सिनेमात त्या पायलटला बघून माणसं म्हणतात की ह्याचा तर दगड झालाय, म्हणजे फार जुना. १८ वर्षांत दगड होत नाही. शिवाय प्रोमिथियसमध्ये काळ्या द्रव्याच्या बरण्यांच्या खोलीत भिंतीवर एक कोरीव आकृती आहे, ती ह्याच प्राण्यासारखी दिसते आणि ती डेव्हिडच्या कितीतरी आधीची.

म्हणून बरेच वाचक, मी पण त्यात आले, असं मानतात की डेव्हिडने जुनीच कृती परत करून बघितली. अधिकृत काय हा प्रश्न ज्यांना फार छळतो त्यांना माझं सांगणं एवढंच की १९८८ पासूनच्या कॉमिक्सना सिनेमांनी कधीच बांधून घेतलं नाही, आणि तरी ती टिकली. आपल्याकडे रामायणं किती आहेत, एका सांगणाऱ्याने दुसऱ्याचं खोडलं म्हणून कोणतं फेकून दिलं का?

९. माझ्या कॉपीत विल्क्स आणि बिली आहेत, मित्राच्या कॉपीत हिक्स आणि न्यूट. माझी डुप्लिकेट आहे का?

नाही, दोन्ही खऱ्या. १९८८ ला कॉमिक निघालं तेव्हा दुसऱ्या सिनेमातून वाचलेले हिक्स आणि न्यूट हेच त्याचे नायक होते, न्यूट आता मोठी झालेली. मग १९९२ ला तिसरा सिनेमा आला आणि त्याने दोघांना सुरुवातीलाच मारून टाकलं. आता मेलेली माणसं कॉमिकमध्ये हिंडताना दाखवायची कशी, म्हणून नंतरच्या छपाईत नावं बदलून विल्क्स आणि बिली केली. पुढे काही आवृत्त्यांत जुनी नावं परत आलीयेत. मिळत असेल तर जुन्या नावांचीच घ्या. छोट्या न्यूटला आपण सिनेमात व्हेंटमध्ये लपलेलं बघितलेलं असतं, मोठेपणी तिला झोप लागत नाही हे त्यामुळेच आतपर्यंत जातं, बिली नावाच्या अनोळखी मुलीबद्दल तसं होत नाही.

१०. दुसऱ्याच्या अंगात अंडं घालायचं हे कुठल्यातरी विकृत डोक्यातून आलंय का? खरं असं काही असतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ह्याचं उत्तर तुमच्या खिडकीच्या ग्रिलवर असू शकतं.

कुंभारीण सगळ्यांनी बघितलीये, चिखलाचं छोटं मडकं करते ती. आमच्या परळच्या चाळीत गॅलरीच्या कोपऱ्यात, मीटरच्या पेटीमागे, एकदा तर देवाच्या फोटोच्या फ्रेममागे तिने घर केलं होतं. मी सातवी-आठवीत असताना केसांच्या पिनेने असं एक सुकलेलं मडकं फोडलं. आत हिरव्या अळ्या, सातएक तरी असतील, दाटीवाटीने कोंबलेल्या. मला वाटलं मेल्यात. पिनेचं टोक लावलं तर एकीचं शेपूट हललं, अगदी जरासं. आणि त्यांच्यामध्ये एक पिवळट, गुबगुबीत, बिनपायांची वेगळीच अळी, तिचं तोंड एका हिरव्या अळीच्या बाजूला खुपसलेलं. मी ते तसंच टाकून आत पळाले आणि रात्री जेवले नाही.

होतं असं की ती आधी मडक्यात अंडं एका धाग्याला टांगते, मग अळ्यांना डंख मारून आणते. डंखाने त्या मरत नाहीत, लुळ्या पडतात, म्हणजे मांस ताजं राहतं. मग तोंड बंद. पिल्लू बाहेर येतं आणि त्या जिवंत अळ्या खात वाढतं. आणि आजी काय सांगायची, तर कुंभारीण किड्याला आत कोंडते, तो भीतीने तिचाच ध्यास घेतो आणि शेवटी स्वतःच कुंभारीण होऊन उडून जातो. एकनाथी भागवताच्या नवव्या अध्यायात अवधूताच्या चोवीस गुरूंमधला हा शेवटचा गुरू, कीटक-भृंगीचा दृष्टांत म्हणून कीर्तनात आजही ऐकू येतो. अर्थ भक्तीचा आहे आणि सुंदर आहे. पण ज्या कोणी हे पहिल्यांदा बघितलं त्याने डोळ्यांनी जे बघितलं ते तेच होतं, एक जीव आत गेला आणि दुसराच बाहेर आला. आपल्याकडे ह्या दृश्याची गोष्ट होऊन कैक शतकं झाली.

ह्याहून पुढचे प्रकार पण आहेत. पाचूसारखी चमकणारी एक हिरवी गांधीलमाशी असते, आपल्या भागातही सापडते, ती झुरळाला दोनदा डंख मारते, पहिला छातीत, दुसरा थेट मेंदूत. झुरळ चालू शकतं पण स्वतःहून चालायची इच्छाच जाते. मग ती त्याच्या मिशा धरून, कुत्र्याला साखळीने न्यावं तसं बिळात नेते आणि पायावर अंडं घालते. पिल्लू झुरळाच्या आत शिरून त्याला खातं, आतच कोष करतं आणि शेवटी झुरळ फोडून पूर्ण वाढलेली गांधीलमाशी बाहेर येते. अळ्यांना आतून खाणाऱ्या अशाच माश्यांबद्दल डार्विनने १८६० ला एका पत्रात लिहिलं होतं की दयाळू देवाने हे मुद्दाम निर्माण केलं असेल हे मनाला पटत नाही. प्रोमिथियस आणि त्याच्या सगळ्या कॉमिक्सचा मूळ प्रश्न पण हाच आहे, आपल्याला ज्याने केलं त्यानेच हे पण केलं का.

११. आणि ते तोंडातलं तोंड? रक्ताच्या जागी आम्ल?

तोंडातलं तोंड खरं आहे. बाजारात वाम बघता ना, तिच्या लांबच्या नात्यातली मोरे ईल, तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, ती पुढे येते, भक्ष्य पकडते आणि आत ओढते. हे नेमकं कसं चालतं ते २००७ ला शास्त्रज्ञांनी दाखवलं, म्हणजे सिनेमा आधीचा आणि शोध नंतरचा.

आम्लाचं रक्त मात्र कल्पना आहे, आणि कामाची. डिझायनर रॉन कॉबने ती सुचवली. प्राण्याला गोळी घातली तर रक्त जहाजाचं बूड जाळून आरपार जाईल, मग मारायचं कसं? कथेतली एक मोठी अडचण सुटली.

आणि तो दिसतो तसा का दिसतो हे विचारत असाल तर ते स्विस चित्रकार एच. आर. गीगरचं देणं. सिनेमाच्या आधी, १९७६ ला त्याने नेक्रोनॉम ४ नावाचं चित्र काढलं होतं, लांब डोकं, हाडं आणि पाइप एकमेकांत मिसळलेले, तिथून हा आला. कथा लिहिणारा डॅन ओबॅनन तर स्वतः कॉमिक्सचा लेखक पण होता, फ्रान्सच्या मोबियससाठी त्याने त्याच सुमारास गोष्ट लिहिलीये, आणि त्याच मोबियसने पुढे सिनेमासाठी स्पेससूट काढले. त्यामुळे कॉमिक्स सिनेमाच्या मागून आले असं कोणी म्हणालं की मला खटकतं.

१२. जीव बाहेरून पृथ्वीवर आला ही कल्पना सायन्समध्ये खरंच आहे, की फक्त फिल्मी?

आहे, आणि त्यात मराठी माणसाचं काम आहे. प्रोमिथियसच्या सुरुवातीला एक इंजिनियर धबधब्यावर उभा राहून काहीतरी पितो, विरघळतो आणि त्याचा डीएनए पाण्यात मिसळतो. कोणीतरी मुद्दाम जीव पेरला ही कल्पना फ्रान्सिस क्रिक आणि लेस्ली ऑर्गेल यांनी १९७३ ला गंभीरपणे शोधनिबंधात मांडली होती. हो, डीएनएची रचना शोधणारा तोच क्रिक. मुद्दाम न पेरता धूमकेतू वगैरेंवरून सूक्ष्मजीव आले असतील असं फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंगे म्हणत होते. आणि हॉईलचे विद्यार्थी, आपले जयंत नारळीकर, ह्यांच्या पुढाकाराने भारतात बलून सोडून वरच्या हवेचे नमुने घेतले गेले, हैदराबादच्या बलून केंद्रातून, २० ते ४१ किलोमीटर उंचीवर. २००५ च्या उड्डाणात तीन नवीन जातींचे जीवाणू मिळाले आणि २००९ ला इस्रोने ते जाहीर केलं. एकाला हॉईलचं नाव, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. ते पृथ्वीबाहेरून आले असं त्यातून सिद्ध होत नाही हे पण तेव्हाच सांगितलं गेलं. मला ही सावध ओळ फार आवडते.

१३. ओरिजिन सांगितला की भीती जाते. मग हे वाचायचंच कशाला?

ह्या मताचा मला आदर आहे आणि अर्धं पटतं. अंधारातला आवाज उंदराचा निघाला की झोप लागते. पण कुंभारणीचं मडकं (१०) फोडल्यावर, आत काय आहे ते नीट कळल्यावर, माझी भीती वाढली होती. माहिती मिळाल्याने भीती जाते ती माहितीने आपल्याला बाजूला काढलं तर. 'तो अमुक ग्रहावर तमुक प्रयोगशाळेत झाला' असं म्हटलं की आपण सुटलो. 'तो घडायला तुझं अंग लागतं' असं म्हटलं की सुटका नाही. एल्डनची गोष्ट (७) म्हणून चालते, राणीच्या स्वप्नांचा पंथ (३) म्हणून चालतो, कारण तिथे माणसं स्वतःहून दार उघडतात. नुसत्या वंशावळ्या देणारे अंक मलाही कंटाळवाणे होतात, ते सोडून द्या, काही बिघडत नाही.

१४. ह्या एका प्राण्याशिवाय अजून कोणाच्या ओरिजिनवर चांगले कॉमिक्स?

व्हेनम घ्या. १९८४ ला तो स्पायडरमॅनचा नुसता काळा सूट होता, मग कळलं की सूट जिवंत आहे, १९८८ ला व्हेनम म्हणून समोर आला, आणि २०१८ ला डॉनी केट्स आणि रायन स्टेगमन ह्यांनी नल नावाचा अंधाराचा देव आणून सगळ्या सिंबायोटची, म्हणजे त्या सुटासारख्या दुसऱ्याच्या अंगाला चिकटून जगणाऱ्या जीवांची, सुरुवात तिथे नेली. तीस वर्षांत कपड्यापासून देवापर्यंत! वाचायला धमाल आहे, पण भीती मला त्या जिवंत सुटाचीच जास्त वाटली होती.

उलटं टोक म्हणजे जपानचं पॅरासाइट, हितोशी इवाकीचं. जीव येतात, माणसाच्या डोक्यात शिरतात, पण कुठून आले हे शेवटपर्यंत सांगत नाही आणि तुम्ही विचारायचं विसरता. आणि अर्जेंटिनाचं एल एतेरनाउता, १९५७ चं, हेक्टर ओएस्टरहेल्ड आणि सोलानो लोपेझ ह्यांचं. त्यात जे हल्ला करतात ते स्वतःच कोणाचे तरी गुलाम आहेत आणि खरे मालक कधी दिसतच नाहीत. लेखकाला पुढे १९७७ ला लष्करी राजवटीने उचललं आणि तो परत आला नाही. हे माहीत असताना ते पुस्तक वाचणं सोपं जात नाही.

१५. प्रेडेटरशी मारामारीवाले वाचावे का?

प्रेडेटर म्हणजे वेगळ्या सिनेमांतला परग्रही शिकारी. मजा म्हणून जरूर, पहिली मालिका दोघांच्या एकत्र सिनेमाच्या कितीतरी आधी, १९९० च्या आसपासची आहे. ओरिजिनच्या दृष्टीने एकच मुद्दा कामाचा, झेनोमॉर्फ प्रेडेटरच्या अंगातून जन्मला तर त्याच्यासारखाच चेहरा घेऊन येतो, म्हणजे ५ मधला यजमानाचा नियम तिथे पण पाळलाय.

१६. मराठीत असं काही आहे का?

ह्या मालिकांचे मराठी अनुवाद माझ्या बघण्यात नाहीत. इंद्रजाल मराठीत यायचं, पण हा बाज त्यात नव्हता. कथांमध्ये मात्र आपण श्रीमंत आहोत. नारायण धारपांनी भयकथेत परक्या शक्ती माणसाच्या घरात, वाड्यात, नात्यात आणून बसवल्या, आणि त्यांचा वाचक रात्री पाणी प्यायला उठायला घाबरायचा. विज्ञानकथेत नारळीकर, ज्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या नावाने पहिली कथा पाठवून बक्षीस मिळवलं होतं. ह्या दोघांच्या मधली जागा चित्रांत अजून रिकामी आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कीटक-भृंगीसारखी कल्पना आपल्याकडे पडून आहे.

१७. मुंबईत कुठे मिळतील? आणि महाग आहेत हो फार!

नवीन पाहिजे तर मार्व्हलने डार्क हॉर्सचे जुने अंक जाड संग्रहांत परत छापलेत, ओरिजिनल इयर्स ह्या नावाखाली, ऑनलाइन मिळतात. जाड हार्डकव्हरपेक्षा पेपरबॅक संग्रह स्वस्त पडतो. डिजिटल अजून स्वस्त, पण काळ्या-पांढऱ्या अंकांना कागदच पाहिजे असं मला वाटतं.

जुन्यासाठी फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या बाजूचे फूटपाथ आणि माटुंग्याला किंग्ज सर्कल. तिथे नावाने मागू नका, 'इंग्लिश कॉमिक, भूतवाला, परग्रहवाला' असं सांगा आणि ढीग स्वतः उपसा. पानं मोजून घ्या. माझी पहिली प्रत अशीच घेतलेली, त्यात सहावा अंकच नव्हता, आणि मी कित्येक वर्षं धरून चालले होते की गोष्ट पाचव्यातच अर्धवट संपते. पावसाळ्यात आणलंत तर पंख्याखाली दोन दिवस उघडं ठेवा, लगेच प्लास्टिकमध्ये घालू नका, बुरशी धरते.

१८. मुलगा बारा वर्षांचा आहे, मागतोय. देऊ का?

माझं मत, नको, अजून तीन-चार वर्षं थांबा. रक्तापेक्षा मला काळजी जबरदस्तीची वाटते. ह्या गोष्टींमध्ये शरीरावर मर्जीविरुद्ध जे होतं ते समजायला आणि त्यावर बोलता यायला थोडं वय लागतं. तोपर्यंत कुंभारीण दाखवा, मोरे ईलचा व्हिडिओ दाखवा. आणि चोरून वाचलंच असेल तर ओरडू नका, कुठलं पान लक्षात राहिलं एवढं विचारा आणि ऐकून घ्या.

१९. मला स्वतःला असं कॉमिक काढायचंय, मुंबईत घडणारं. प्राण्याचा ओरिजिन आधी ठरवू का?

यजमान आधी ठरवा. कोणाच्या अंगातून येणार, तो माणूस दिवसभर काय करतो, त्याला काय हवंय म्हणून तो दार उघडतो. प्राण्याचा आकार मग त्यातून येईल. गीगरची नक्कल करू नका, हाडं-पाइप सगळे काढतात. ओहोटीच्या वेळी खाडीकडे जा, खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली असतात, बोटांसारखी, श्वास घ्यायला, ती काढा. ससून डॉकला पहाटे जा आणि उलट्या पडलेल्या माशांचे घसे काढा. कुंभारणीचं मडकं मिळालं तर भिंगाखाली धरून काढा, आतलं रिकामं असेल तेव्हाच.

पहिली चार पानं झाली की पाठवा, मी वाचेन.